दहा वर्षांनंतरची हजेरी

वर्ग दहा वर्षांनी पुन्हा जमवायचा असेल तर आधी वही घेऊन यादी करायला बसावं. हॉल, जेवण, बॅनर, ग्रुपचं नाव हे सगळं नंतर. बहुतेक ठिकाणी याच्या उलट होतं. कुणीतरी रात्री अकराला कट्ट्यावरचा जुना फोटो टाकतो, 'अरे, दहा वर्षं झाली रे' असा सूर लागतो, अर्ध्या तासात लोणावळ्याच्या एखाद्या रिसॉर्टची लिंक येते आणि जे पंधरा-वीस जण त्या रात्री जागे होते तेच शेवटी जमतात. ते तसेही दर दिवाळीला भेटत असतात. त्यांनी जरूर भेटावं, पण त्याला वर्ग जमला असं म्हणता येत नाही.

यंदा, २०२६ साली, २०१६ च्या बॅचला दहा वर्षं होतात. बोलायला सोपं जावं म्हणून कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय घेऊ. १९६० साली सुरू झालेलं जुनं कॉलेज, आणि त्यातला मेकॅनिकलचा वर्ग. २०१२ ला सीईटी देऊन आलेली आणि २०१६ ला बाहेर पडलेली साठ-सत्तर मुलंमुली. यातली कुठलीही गोष्ट सांगलीला, अमरावतीला किंवा रत्नागिरीच्या एखाद्या डिप्लोमा कॉलेजला लावून बघितली तरी फार फरक पडणार नाही.

यादीत पहिली चूक होते ती इथे. पहिल्या वर्षाची यादी घेतली तर डिप्लोमावाले राहतात, कारण ते २०१३ ला थेट दुसऱ्या वर्षाला आले. शेवटच्या वर्षाची घेतली तर वायडी, म्हणजे इयर डाउन झालेले राहतात. ते वर्ष गेल्यावर मागच्या बॅचबरोबर बसू लागले, आणि आता दोन्ही बॅचच्या ग्रुपवर नाहीत, कारण प्रत्येक बॅचला वाटतं ते दुसऱ्या बॅचचे. दुसऱ्या वर्षी ब्रँच बदलून सिव्हिलला गेलेला एखादा असतो. पंतप्रधान विशेष शिष्यवृत्तीवर जम्मू-काश्मीरहून आलेला एखादा असतो, जो चार वर्षं हॉस्टेलवर राहिला आणि पास झाल्यावर कुणाच्याच संपर्कात राहिला नाही. म्हणून दोन्ही वर्षांच्या याद्या समोर ठेवून एकच यादी करावी. नियम एवढाच धरावा, की जो या वर्गात एक वर्ष जरी बसला तो आपला.

कागदाचे रकाने आखतानाही विचार लागतो. रोल नंबर, तेव्हाचं पूर्ण नाव, प्रॅक्टिकलची बॅच, प्रोजेक्टचा ग्रुप, हॉस्टेलची खोली किंवा मेस, गाव आणि तालुका, आणि त्याला फोन कोण करणार. मोबाइल नंबराचा रकाना अगदी शेवटी. कारण या बॅचच्या नंबरांचं फार वाईट झालेलं आहे. ही मुलं कॉलेजातून बाहेर पडली आणि ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. फुकट डेटासाठी सगळ्यांनी नवं सिम घेतलं, जुनं दुसऱ्या खाचेत ठेवलं. २०१८ च्या अखेरीस जुन्या कंपन्यांनी दरमहा किमान रिचार्ज आणला, तशी ती दुसरी सिम एकेक करून बंद पडली. बंद झालेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. त्यामुळे २०१६ च्या डायरीतल्या नंबरावर फोन लावला की कधी कधी भलत्याच जिल्ह्यातला माणूस उचलतो. तेव्हा नंबर खोडावा, माणूस खोडू नये. 'त्याचा फोन लागत नाही' या चार शब्दांवर जितकी नावं गळतात तितकी नकारानं गळत नाहीत.

शोधायला प्रोजेक्टचा ग्रुप सगळ्यात उपयोगी पडतो. चौघांनी वर्षभर एकाच शाफ्टसाठी एमआयडीसीत हेलपाटे घातलेले असतात, चौघांचे घरचे एकमेकांना माहीत असतात. चारातल्या एकाला तरी बाकीच्यांचा ठावठिकाणा असतोच. तिथं नाही जमलं तर रूममेट. तिथंही नाही तर गाव. पाटण किंवा शिराळा तालुक्यातला मुलगा असेल तर त्याच्या गावचा कुणीतरी आज कराडच्या बाजारात दुकान टाकून बसलेला सापडतो, आणि दोन चहांत घरचा नंबर मिळतो. घरचा फोन आईनं किंवा वडिलांनी उचलला तर आपण कोण, कुठले, त्याच्याबरोबर कुठे राहत होतो हे आधी सांगावं. दहा वर्षांत कर्जवसुलीचे आणि फसवणुकीचे इतके फोन आलेले असतात, की 'तुमच्या मुलाचा नंबर द्या' म्हटलं की घरची माणसं दचकतात. नंबर मागण्यापेक्षा आपला द्यावा आणि निरोप ठेवावा.

मुलींच्या बाबतीत आडनाव बदललेलं असतं, फेसबुकवर सासरच्या नावानं खातं असतं, आणि वर्गातली मुलं माहेरच्या आडनावानं शोधत बसतात. हा शोध वर्गातल्या दुसऱ्या मुलीकडे द्यावा. तिला तो पाच मिनिटांत लागतो, कारण हॉस्टेलच्या मुलींची साखळी सहसा तुटलेली नसते.

सगळ्यात अवघड नावं वेगळीच असतात. प्रत्येक वर्गात तिघे-चौघे असे असतात ज्यांनी नोकरी घेतलीच नाही, किंवा वर्षभरात सोडली, आणि पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून एक खुर्ची धरली. राज्यसेवेची पूर्व, मग मुख्य, मग मुलाखतीला दोन गुणांनी राहणं. मार्च २०२१ मध्ये तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा पुढं ढकलली, तेव्हा पुण्यात रस्त्यावर उतरलेल्या गर्दीत याच वयाची मुलं होती. त्यातल्या काहींच्या पोस्ट निघाल्या. काहींनी सोडून दिलं आणि गावाकडे शेती बघतात, किंवा क्लासमध्ये शिकवतात. त्यांना फोन केला की उत्तर ठरलेलं: 'पोस्ट निघू दे रे, मग येतो.' ज्याला पुण्यात फ्लॅट आणि दारात गाडी आहे तो बोलावलं नाही तरी येईल. सगळी धडपड करायची ती या 'मग येतो'वाल्यांसाठी. ते आले नाहीत तर त्या दिवशी वर्गाचं खरं चित्र समोर येत नाही, ज्याचं त्याचं बरं चाललेलं तेवढंच दिसतं.

म्हणून निरोप फोनवर द्यावा, मेसेजवर नाही. सहा-सात जणांनी दहा-दहा नावं वाटून घ्यावीत, आणि वाटताना रोल नंबरप्रमाणे न वाटता जवळिकीप्रमाणे वाटावीत. रूममेटला रूममेटनं, लॅबमधल्या जोडीदाराला जोडीदारानं. सीआरनं, म्हणजे वर्गप्रतिनिधीनं, सगळ्यांना फोन करणं वरून नीटनेटकं दिसतं, पण सीआरचा फोन आला की माणूस 'हो, बघतो' म्हणतो आणि ठेवतो. वेळ रात्री साडेआठ ते साडेनऊ बरी. तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळचे अकरा वाजलेले असतात, हिवाळ्यात दहा, म्हणजे तिकडच्यांनाही रविवारी त्याच बैठकीत फोन होतात. पहिला प्रश्न 'सध्या कुठे असतोस?' हा नको. तो सहज म्हणून विचारला जातो, पण ज्याचं अडलेलं आहे त्याला तो चौकशीसारखा लागतो. आपण कोणत्या तारखा धरतोय ते सांगावं, त्यातली कुठली त्याला अजिबात जमणार नाही ते विचारावं, आणि ज्यांचे नंबर नाहीत त्यांतलं कुणी त्याच्या संपर्कात आहे का ते विचारावं. या तिसऱ्या प्रश्नानं माणूस मोकळा होतो, कारण आता त्याच्याकडे मागण्यासारखं काहीतरी आहे. बाकीचं त्याला सांगायचं असेल तर तो सांगतो.

एक फोन मात्र यादीबाहेरचा असतो, आणि तो ज्याचा त्यानं करायचा. वर्गात कुणाला तरी चार वर्षं रंगावरून, जातीवरून, इंग्रजी बोलता येत नाही म्हणून, एखाद्या व्यंगावरून नाव ठेवलेलं असतं. ठेवणाऱ्याला ती मजा वाटते आणि तो विसरून जातो. ज्याला ठेवलं तो विसरत नाही, आणि बहुतेकदा येत नाही तो याच कारणानं, सांगतो मात्र 'ऑफिसचं काम आहे'. त्या दिवशी स्टेजवर, सगळ्यांसमोर, हसत हसत 'सॉरी यार' म्हणण्यानं ते भरून येत नाही, उलट पुन्हा सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. महिनाभर आधी एकट्यानं फोन करून सरळ शब्दांत माफी मागावी आणि येण्याचा आग्रह त्या फोनमध्ये करू नये. नावाचे बिल्ले छापताना हेच लक्षात ठेवावं. मोठ्या अक्षरात खरं नाव. टोपणनाव ज्यानं स्वतः लिहून पाठवलं त्याचंच.

ग्रुपबद्दल थोडक्यात. सत्तर जणांना एकदम एका ग्रुपात घातलं की दोन दिवसांत सहाशे मेसेज पडतात, तिसऱ्या दिवशी कुणीतरी राजकारण काढतो, चौथ्या दिवशी निम्म्यांनी ग्रुप म्यूट केलेला असतो आणि तारखेचा निरोप त्यातच बुडतो. गप्पांचा जुना ग्रुप असेल तो असू द्यावा. कार्यक्रमासाठी वेगळा ग्रुप काढून सेटिंगमध्ये फक्त अ‍ॅडमिननं लिहायचं असं करून टाकावं. आठवड्याला एक निरोप, जास्त नाही. तारखेसाठी पोल टाकायचा तर बारा पर्याय देता येतात म्हणून बारा देऊ नयेत, मतं विखुरतात आणि कुठल्याच तारखेला बहुमत होत नाही. दोन तारखा पुरतात.

तारखेचं गणित या वर्षी असं आहे. १५ ऑगस्ट शनिवारी पडतो, सुट्टी वाया. २ ऑक्टोबर शुक्रवारी, शनिवार-रविवार जोडून येतात, पण तो पितृपक्ष. तेव्हा हॉल सहज मिळतात आणि वर्गाची भेट हे काही मंगलकार्य नव्हे, पण ज्याच्या घरी त्या तिथीला श्राद्ध आहे तो गावाहून निघू शकत नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, आणि भाऊबीज झाल्याशिवाय मुली माहेरून हलत नाहीत. राहतो नाताळ. २५ डिसेंबर शुक्रवारी आहे, म्हणजे शनिवार २६ धरता येतो. परदेशातल्यांना सुट्ट्या तेव्हाच मिळतात. तो मार्गशीर्ष असल्यानं लग्नाचे मुहूर्त असतात, तेव्हा मंगल कार्यालयाच्या भरवशावर राहू नये. आणि एक अडचण मेकॅनिकलच्या वर्गाची खास आहे. कराड-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कित्येक जण साखर कारखान्यांत आहेत, आणि डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम. मिल चालू असताना तीन पाळ्यांतली एक सोडून यायला चीफ इंजिनिअर सहजी परवानगी देत नाही. घरचा ऊस असलेल्याचंही तसंच, तोडणीची टोळी आली त्या दिवशी तो फडातच असणार.

अशा वेळी सगळे अमेरिकेतून येणाऱ्याकडे बघून तारीख ठरवतात, कारण त्याचं तिकीट महाग. ते बरोबरच आहे, पण मग जागा कारखान्यावाल्याकडे बघून ठरवावी. कार्यक्रम कराडलाच असेल तर तिसरी पाळी संपवून तो सकाळी घरी जाऊन अंघोळ करून अकराला येऊ शकतो. लोणावळ्याला तो येणार नाही. जागा कॉलेजच असावी याला भावनेपलीकडे हे साधं कारण आहे. रिसॉर्टला दोन दिवसांचे पाच-सहा हजार ज्यांना परवडत नाहीत ते पैशाचं कारण कधीच सांगत नाहीत. ते काहीतरी दुसरं कारण सांगतात आणि आपण ते खरं मानतो.

२५ तारखेला निघणाऱ्यांचं रेल्वे आरक्षण साठ दिवस आधी, म्हणजे २६ ऑक्टोबरला उघडतं. मुंबईहून महालक्ष्मी आणि कोयना, नागपूरकडून महाराष्ट्र एक्सप्रेस कराडला थांबतात. म्हणजे तारीख ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पक्की व्हायला हवी, नंतर ठरवली तर नाताळची वेटिंग लिस्ट. पुण्याहून गाडीनं येणाऱ्यांना अंतर एकशेसाठ किलोमीटर, पण सुट्टीच्या सकाळी खंबाटकीत अडकायला होतं. त्यांनी सहाच्या आत निघावं, किंवा आदल्या रात्री यावं. परत जायला व्हिसाचा शिक्का मिळेल की नाही या भीतीनं जे अमेरिकेतून हलूच शकत नाहीत त्यांना आग्रह करून लाजवू नये. त्यांच्यासाठी वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल आधी वेळ ठरवून ठेवावा, लॅपटॉप एका जागी स्टँडवर, त्याला बाहेरचा माइक. फोन हातोहात फिरवला की पलीकडच्याला छत आणि कानशिलं दिसतात, आवाज काहीच कळत नाही.

पैशाचं आधी मांडून दाखवावं. समजा साउंड, फोटोग्राफर, शिक्षकांचा सत्कार आणि त्यांचं जेवण, बिल्ले, किरकोळ असा ठरलेला खर्च ३३,००० रुपये आहे. तो तीस आले काय, चाळीस आले काय, बदलत नाही. नाश्ता, दुपारचं जेवण, दोन चहा, संध्याकाळचं खाणं मिळून माणशी १,१०० धरू. चाळीस जण येणार म्हणून हिशोब केला तर माणशी १,९२५, म्हणजे दोन हजार वर्गणी. आणि आले अठ्ठावीस, तर जमा ५६,०००, खर्च ६३,८००. वरचे ७,८०० ज्यानं पुढाकार घेतला त्याच्या खिशातून जातात, आणि पुढच्या वेळी तो पुढाकार घेत नाही. म्हणून हिशोब तीस जणांवर करावा. वर्गणी २,२००. चाळीस आले तर ८८,००० जमा होतात, ७७,००० खर्च होतात आणि ११,००० उरतात. ज्यांच्याकडून घ्यायचे नाहीत त्यांचे पैसे या शिलकीतून जातात. कुणाकडून घ्यायचे नाहीत हे दोघांनाच माहीत असावं, तिसऱ्याला नाही. जेवणवाल्याला विचारून घ्यावं, की किमान किती ताटांचे पैसे तो घेणारच, अंतिम आकडा किती दिवस आधी हवा, आणि जीएसटी धरून की वेगळा.

वर्गणीत एक गोष्ट ठिकठिकाणी केली जाते आणि ती मला फार लागते. पैसे भरलेल्यांची यादी ग्रुपवर टाकतात, नावापुढे हिरवी खूण. मग रोज ती यादी वाढत जाते आणि शेवटी खूण नसलेली आठ नावं उरतात. ती आठ माणसं येत नाहीत. टाकणाऱ्याचा हेतू हिशोब उघडा ठेवण्याचा असतो. हिशोब जरूर उघडा ठेवावा, पण एकूण जमा आणि एकूण खर्च एवढाच. कुणी भरले ते ज्याच्या खात्यात येतात त्यानं आपल्या शीटमध्ये लिहावं, आणि ज्याचे राहिले त्याला एकट्याला, एकदाच आठवण करावी.

वेळ दिवसाची ठेवावी, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. संध्याकाळी सात ते बारा ठेवलं की मुली येत नाहीत, आणि आल्या तर साडेनऊला निघतात. बत्तिशी-तेहतिशीतला वर्ग आहे हा, कडेवर एक आणि बोटाला एक अशी मुलं आहेत. एक बंद होणारी खोली, जमिनीवर दोन गाद्या, गरम पाण्याचा थर्मास, दुपारी बाराला मऊ भात आणि वरण एवढी सोय केली आणि निमंत्रणात आधीच लिहिली, तर 'बाळ लहान आहे, नाही जमणार' हा नकार निम्म्यावर येतो. नवऱ्यांनी आणि बायकांनी यावं की नाही यावर बराच वाद होतो. मला वाटतं पहिल्या भेटीला शनिवार फक्त वर्गाचा असावा आणि रविवारी सकाळी नाश्त्याला सगळी कुटुंबं. जोडीदार बरोबर असला की माणूस दिवसभर त्याला सांगत राहतो, हा कोण आणि ती कोण, आणि त्याचं स्वतःचं बोलणं राहून जातं. मुलं सांभाळायला जोडीदार किंवा आई आली तर अर्थातच यावी, त्यांच्यासाठी वेगळं पान. दारूचा विषय पाचनंतर, कॉलेजच्या आवाराबाहेर, ज्याचा त्यानं बघावा. कुणी सोडलेली असते आणि ती सोडायला त्याला फार कष्ट पडलेले असतात.

कॉलेजची परवानगी महिनाभर आधी प्राचार्यांना पत्र देऊन घ्यावी, माजी विद्यार्थी संघटनेमार्फत गेलं तर लवकर होते. परीक्षा चालू आहेत का ते आधी बघावं. कॉलेजला अशा भेटी हव्याच असतात, कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा स्वतंत्र मुद्दा आहे. त्यामुळे एक फॉर्म भरून घेतील, ग्रुप फोटो घेतील, भाषणं ठेवतील. त्याला अर्धा तास द्यावा, मनापासून द्यावा, पण आधी ठरवून. आपण मागायचं ते म्हणजे शेवटच्या वर्षाचा आपला वर्ग आणि अर्ध्या तासासाठी वर्कशॉप.

ओळखपरेड नको. चाळीस जणांना दोन दोन मिनिटं म्हटलं तरी ऐंशी मिनिटं होतात. प्रत्यक्षात पहिले पाच जण सात-सात मिनिटं कंपनी, पद, देश सांगतात, आणि मागच्या बाकावरच्या पंधरा जणांना जेवणाची वेळ झाली म्हणून नाव सांगून बसावं लागतं. त्यातच ज्याच्याकडे पद आणि देश नाही तो पाण्याची बाटली घेऊन बाहेर जातो. त्यापेक्षा जुन्या प्रॅक्टिकलच्या बॅचप्रमाणे बसावं. बी-वनचे इकडे, बी-टूचे तिकडे, बी-थ्रीचे खिडकीपाशी. बारा-पंधरा जणांत बोलायला माइक लागत नाही. एकमेकांच्या जर्नलवरून रीडिंग उतरवलेली माणसं असतात, त्यांना कुठून सुरुवात करायची हे सांगावं लागत नाही.

आणि वर्कशॉपमध्ये जावंच. मशीन बंद, काही चालू करायचं नाही, नुसतं उभं राहायचं. तिथल्या मामांना आधी सांगून ठेवलं तर ते कपाटातून फिटिंगचा एखादा जुना जॉब काढून देतात. माइल्ड स्टीलचे दोन तुकडे, एकाला खाच, दुसरा तीत बसणारा. पहिल्या वर्षी आठवडेच्या आठवडे कानस मारून, तळहाताला फोड आणून तो केलेला असतो. हातात घेतला की कुणीही असो, आपोआप तो जोडून उजेडाकडे धरतो आणि फटीतून प्रकाश किती येतो ते बघतो. सॉफ्टवेअरमध्ये गेलेला, गावी ऊस लावलेला, बँकेत क्लार्क असलेला, सगळे सारखंच धरतात. त्या अर्ध्या तासात जितकं बोलणं होतं तितकं स्टेजसमोर होत नाही.

शिक्षकांना बोलवायला दोघांनी घरी जावं. शासकीय कॉलेजातल्या बदल्यांमुळे निम्मे सर आज दुसऱ्या जिल्ह्यात असतात, त्यांना प्रवासाची विचारपूस करूनच बोलवावं. सत्काराला एका माणसाला तीन मिनिटं लागतात. आठ जणांना चोवीस, त्यात मेसच्या मावशी आणि हॉस्टेलचे मामा धरलेले असावेत, आणि त्यांना शेवटी ठेवू नये. शाल-श्रीफळाबरोबर वर्गाचा जुना फोटो फ्रेम करून दिला तर तो घरात लागतो.

या सगळ्यात एक हजेरी मात्र घ्यावी, दिवसाच्या सुरुवातीला, वर्गात, सरांच्या आवाजात. एकपासून शेवटच्या नंबरापर्यंत. सरांच्या हातात कागद देताना त्यावर सगळे रोल नंबर असावेत, न आलेल्यांचेही, आणि जे राहिले नाहीत त्यांचेही. २०१६ ते २०२६ या दहा वर्षांत करोनाची दोन वर्षं आहेत, महामार्गावरचे अपघात आहेत. सत्तरच्या वर्गात असा एखाददुसरा नंबर निघतोच. बरेच जण तो कागदावरून काढून टाकतात, वातावरण जड होईल म्हणून. काढू नये. वर्गाला तो नंबर पाठ असतो. सव्वीसनंतर एकदम अठ्ठावीस आलं की सगळ्यांना कळतं आणि कुणीच काही बोलू शकत नाही. सरांनी नंबर घ्यावा, नाव घ्यावं, वर्गानं उभं राहावं, आणि पुढचा नंबर यावा. भाषण नको, स्क्रीनवर हार घातलेला फोटो नको. सरांना हे आदल्या दिवशी सांगून ठेवावं, कारण नाव वाचताना त्यांचा आवाज अडतो.

त्याच्या घरी आधी कळवावं. 'कार्यक्रमाला या' असा आग्रह आई-वडिलांना करू नये, त्याच्या वयाची चाळीस मुलं एका जागी बघणं प्रत्येकाला झेपत नाही. काहींना मात्र यायचं असतं, म्हणून विचारावं आणि उत्तर त्यांच्यावर सोडावं. रविवारी दुपारी तिघांनी घरी जाऊन यावं. तिघंच. त्यांत एक रूममेट असावा. आदल्या महिन्यात सगळ्यांना सांगून त्याचे कॉलेजातले फोटो गोळा करावेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधे पाठवले तर ते लहान होऊन येतात, डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल मागवावी. त्या काळच्या फोनचा दोन मेगापिक्सेलचा फोटोसुद्धा सहा बाय चारच्या प्रिंटला पुरतो. घरी असतात ते फोटो लग्नाकार्यातले आणि आधार कार्डावरचे. सबमिशनच्या रात्री चादर पांघरून शीट काढणारा, मेसमध्ये ताट वर करून हसणारा, शेवटच्या पेपरनंतर शर्टावर सह्या घेतलेला त्यांनी पाहिलेला नसतो. पंधरा-वीस प्रिंट काढाव्यात, अल्बममध्ये न चिकटवता सुट्या ठेवाव्यात, आणि प्रत्येकीच्या मागे बॉलपेननं साल आणि शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाचं नाव लिहावं, डावीकडून उजवीकडे. आई एकेक फोटो हातात घेऊन विचारते, हा कोण, आणि याच्या पलीकडचा कोण.